अदिती चौहान आणि पुसलेलं शून्य

मंडळी, पुरुषोत्तमनगरात ऊस आणि कारखान्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज एका गोलरक्षकावर बोलतो. अदिती चौहान. जन्म १९९२, चेन्नईचा. इंग्लंडला लफबरोत शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाकडून खेळली. परतल्यावर गोकुलम केरळकडून भारतीय महिला लीग जिंकली.

मला थांबायचंय ते २० जानेवारी २०२२ वर. आशिया चषक आपल्या महाराष्ट्रातच होता. नवी मुंबईत भारत-इराण, ०-०, गोलात अदिती. आता बघा, पुढच्या फळीचं काम मोजता येतं. गोलरक्षकाचं काम म्हणजे जे घडलंच नाही ते! वैशेषिक परंपरेत पुढे 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला गेला. वर्गात मी तो घट नसलेल्या जमिनीवरून शिकवायचो. मुलं जांभया द्यायची. रिकाम्या जाळीवरून शिकवायला हवा होता.

तीनच दिवसांनी, तैवानच्या संघाशी सामना असताना, कोविडमुळे आपले तेरा खेळाडूही उभे राहीनात. भारत स्पर्धेबाहेर गेला, आणि नियमाप्रमाणे इराणचा सामनाही रद्दबातल ठरला. म्हणजे राखलेलं शून्यही तक्त्यातून पुसलं गेलं. याला आमच्याकडे प्रध्वंसाभाव म्हणतात.

अदिती त्यानंतरही खेळत राहिली. जुलै २०२५ मध्ये, सतरा वर्षांनंतर, तिने हातमोजे उतरवले.