जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर : बसला म्हणजे तोच, असं नाही!

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवून, फी भरून पुढची ५ वर्षं वाढवून घेता येतात. म्हणूनच मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तालुक्याच्या गावात ती आजही दिसते. अशा गाडीचं इंजिन किती साथ देणार, हे बऱ्याच अंशी शे-दोनशे रुपयांच्या एका डब्यावर ठरतं. तो डबा म्हणजे ऑइल फिल्टर.

डब्यात असतं काय?

इंजिनच्या तळाला ऑइलचं चेंबर असतं. पंप तिथून ऑइल ओढतो, ते आधी फिल्टरमधून जातं आणि मग बेअरिंगपर्यंत पोहोचतं. फिल्टरमधला घड्या घातलेला कागद धातूची बारीक भुकटी आणि काजळी अडवतो. १९२३ साली अमेरिकेत ‘प्युरोलेटर’ या नावाचा ऑइल फिल्टर तयार झाला. त्याआधीच्या गाड्यांना फार तर जाळी असायची.

कागदाशिवाय आत दोन झडपाही असतात. कागद चोंदला, तर पहिली झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. घाणेरडं ऑइल वाईटच, पण ऑइलच न मिळणं त्याहून वाईट. काही गाड्यांमध्ये मात्र ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनमध्येच असते. दुसरी झडप रबराची. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये, हे तिचं काम. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल, तर ही झडप फार महत्त्वाची. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-चार सेकंद टकटक ऐकू येते? मग एकदा या झडपेवर संशय घ्यायला हरकत नाही.

खरी गडबड आट्यांत

जुन्या गाडीचा नेमका फिल्टर दुकानात नसतो आणि दुकानदार म्हणतो, “हा पण बसतो.” इथे थांबायला हवं. सुझुकी आणि होंडाच्या बहुतेक गाड्यांच्या फिल्टरला २० मिलिमीटरचे आटे असतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांना पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. त्यामुळे २० चा फिल्टर पाऊण इंची आट्यांवर चढतो, फिरतो आणि बसल्यासारखाही वाटतो. पण पकड अर्धवटच. थंड इंजिन रेस केलं की ऑइलचा दाब वाढतो आणि फिल्टर निसटू शकतो. मग चेंबर रिकामं व्हायला फार वेळ लागत नाही आणि फिल्टरवर वाचवलेले पैसे इंजिनच्या कामात कितीतरी पटीने जातात.

म्हणून डब्याचा आकार किंवा रंग जुळवत बसू नका. गाडीच्या पुस्तिकेतला किंवा कंपनीच्या कॅटलॉगमधला पार्ट नंबर जुळवा. जुना फिल्टर बरोबर होता याची खात्री असेल तरच तो सोबत न्या. मागच्या मेकॅनिकनेही “हा पण बसतो” म्हणत बसवलेला असू शकतो! जुन्या मॉडेलचा माल दुकानात वर्षानुवर्षं पडून असतो, त्यामुळे रबरी रिंग नखाने दाबून पाहा. कडक झाली असेल, तर दुसरा फिल्टर मागा.

स्प्लेंडरवाल्यांनी असा डबा शोधू नये, तिला तो नाहीच. तिथे जाळी आणि गरगर फिरून घाण बाजूला फेकणारा फिल्टर असतो. दोन्ही साफ करून पुन्हा वापरतात.

बसवताना

इंजिन कोमट असताना ऑइल चांगलं उतरतं, चटका बसेल इतकं तापलेलं नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच. जुना फिल्टर काढला की सगळ्यात आधी त्याची रबरी रिंग त्यालाच लागून आली का, ते पाहा. अनेकदा ती इंजिनला चिकटून राहते आणि नवी रिंग तिच्यावर चढते. अशा दोन रिंगा असल्या की गाडी सुरू होताच ऑइलची पिचकारी उडते.

नव्या रिंगला बोटाने स्वच्छ ऑइल लावा आणि फिल्टर हाताने फिरवा. पहिल्याच फेऱ्याला अडला तर जोर लावू नका, उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो. नेमका आकडा बहुधा डब्यावर छापलेला असतो. पाना काढण्यासाठी ठीक, आवळायला मात्र हातच बरा, नाहीतर पुढच्या वेळी फिल्टर निघता निघत नाही.

आता ड्रेन नट लावलाय ना, हे पाहून ऑइल भरा आणि गाडी सुरू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला, तर लगेच बंद करा. विझला, तर दोन मिनिटं चालू ठेवून खाली गळती बघा. मग गाडी बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक तपासा. नव्या फिल्टरने थोडं ऑइल पिलेलं असतं, तेवढी भर घालावी लागते.

गाडी वर्षानुवर्षं दुर्लक्षित असेल, तर नव्या ऑइलने आतला जुना गाळ सुटू लागतो. अशा वेळी पुढचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरची वाट न बघता लवकर बदललेला बरा. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. डब्यात भरून, जुनं ऑइल अधिकृत रिसायकलरकडे देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. जुना फिल्टरही रात्रभर उलटा ठेवून निथळला की त्याच्याच सोबत.