माळकऱ्याची शपथ आणि सरकारचा शिक्का : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

व्यसनमुक्ती आणि देवधर्म यांचे नाते अभ्यासायचे असेल तर नाशिकपासून सुरुवात करावी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला दिंड्या येतात आणि त्यांतले काही जण गळ्यात माळ घालून घरी परततात. दिंडोरीला स्वामी समर्थ सेवामार्गाचे केंद्र आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे चालतात. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ नावाच्या नशेच्या गोळीच्या नादी लागलेल्या पोराला चाळीस दिवसांच्या तबलीगी जमातीत पाठवणारी घरे आहेत. आणि याच जिल्ह्यात देशातल्या वाइन उद्योगाची राजधानी आहे, याच जिल्ह्यातल्या शिंदे गावात ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलिसांनी मेफेड्रोन बनवणारा कारखाना पकडला. पिणाऱ्यांचा आणि सोडणाऱ्यांचा, दोघांचाही हा मुलूख आहे. समाजकार्याचा विद्यार्थी असो, तालुक्याचा वैद्यकीय अधिकारी असो की कीर्तनकार, या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला इथे काम आहे.

आल्या आल्या त्याच्यापुढे एक प्रश्न टाकला जातो: धार्मिक वा आध्यात्मिक संस्थांच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमांना सरकारने प्रोत्साहन द्यावे का? हा प्रश्न आता वादविवाद स्पर्धेपुरता उरलेला नाही. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ब्रह्माकुमारी, आर्ट ऑफ लिव्हिंग, इस्कॉन, गायत्री परिवार, संत निरंकारी मिशन अशा संस्थांशी सामंजस्य करार केले आहेत. सरकारची अडचणही खरी आहे. ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात, दाखल होऊन उपचार मिळणे तर १८० जणांत एकाच्या वाट्याला येते. दवाखाने नाहीत, मग जिथे माणसे आधीच जमतात तिथे जावे, असा हा हिशेब.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढचे सावधपणे वाचता येईल. श्रद्धेच्या बळावर दारू सोडणाऱ्याच्या आड सरकारने येऊ नये, उलट त्याला लागेल ते औषध आणि डॉक्टर पुरवावा. पण कोणत्या श्रद्धेने सोडावी हे सुचवायला जाऊ नये. राज्यघटना हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते: सरकारचा शिक्का बसला की या कार्यक्रमांची मूळची ताकदच ओसरू लागते.

या भागात अशा चळवळी सरकारच्या आशीर्वादाने उभ्या राहिल्या नव्हत्या. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यालगतच्या कोळी वस्त्यांतून निघालेली देवीची लाट घाट चढून सुरगाणा, नाशिक, डांग, खानदेश आणि सुरतेकडे पसरली. अंगात आलेल्यांच्या तोंडून आज्ञा होत: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूचा गुत्ता चालवणाऱ्याकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) या ग्रंथात तिचा माग काढला आहे. या क्षेत्रातले पहिले वाचन म्हणून मी तोच सुचवीन. ही अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारायची की आदिवासींनी कलाल आणि सावकाराविरुद्ध उगारलेले हत्यार म्हणून पाहायची, हा वाद त्या पुस्तकामुळे नीट मांडता येतो. पुढे १९३० च्या दशकात तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आरतीला भिल्लांचे हजारोंचे मेळे जमू लागले, तिथेही दारूबंदी हाच उपदेश होता. १९३८ मध्ये ते गेल्यावर भाऊ रामदास महाराजांनी काम चालवले, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना हद्दपार केले. अबकारीचे उत्पन्न बुडवणारा संत कोणत्याच सरकारला परवडत नाही.

आता माळेकडे वळू, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मटण सुटते, एकादशी लागते, वर्षाची वारी लागते. यातले अध्यात्म ज्याचे त्याला ठाऊक. बाहेरून पाहणाऱ्याला जे दिसते तेही कमी नाही. माळ घातल्याचे साऱ्या गावाला दिसते. पारावर कोणी ग्लास पुढे करत नाही. लग्नात आग्रह करणारा मेहुणा ‘माळकरी आहे तो’ म्हटल्यावर गप्प बसतो. सांजेची जी वेळ गुत्त्यावर जायची, तीच देवळात हरिपाठाची असते, म्हणजे ती वेळ रिकामी राहत नाही. जुने सोबती सुटतात, टाळकऱ्यांची नवी सोबत मिळते. बायकोला पहिल्यांदा घरखर्चाचे पैसे पुरे पडतात, आणि ती त्या माळेची नवऱ्यापेक्षा जास्त राखण करते.

पण याच माळेत दोन धोके आहेत आणि कीर्तनात ते सांगितले जात नाहीत. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम थांबवले की पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलू लागतात. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. घरच्यांना मात्र वाटते, याला बाहेरचे झाले. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम आणि थायमिन ही साधी, स्वस्त औषधे त्या आठवड्यात वेळेवर मिळाली तर पुढची वारी घडते. दुसरा धोका उशिरा येतो. पुन्हा प्यायला गेले तरी व्यसनमुक्ती केंद्रात ‘स्लिप झाली’ म्हणून माणूस सोमवारी परत येऊ शकतो. माळकऱ्याच्या लेखी ते पाप ठरते, म्हणून तो लपवतो, माळ काढून खुंटीला ठेवतो आणि पुन्हा बुवांसमोर जायची त्याला लाज वाटते.

श्रद्धेवर आधारलेल्या मार्गांचा उपयोग होतो का, याचे सर्वांत भक्कम पुरावे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे ‘एए’बद्दल आहेत. अमेरिकेत ॲक्रन शहरी १९३५ मध्ये सुरू झालेली ही चळवळ १९५७ मध्ये भारतात आली. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती एकत्र केली गेली. एएकडे पद्धतशीर वळवलेल्यांपैकी वर्षाअखेर सुमारे ४२ टक्के पूर्णपणे कोरडे राहिले होते, इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. आढाव्याचे प्रमुख लेखक जॉन केली यांनी हे कशामुळे होते त्याचाही शोध घेतला. मोठा वाटा बदललेल्या सोबतीचा निघाला. आध्यात्मिक बदलाचा भाग अति पिणाऱ्यांमध्ये अधिक दिसला. आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही थोडे अवघडल्यासारखे व्हावे असा हा निष्कर्ष आहे, आणि म्हणून मला तो विश्वासार्ह वाटतो.

याच एएच्या परंपरांत एक नियम आहे: बाहेरची देणगी घ्यायची नाही. गट सभासदांच्या वर्गणीवर चालतो आणि चळवळ कोणत्याही बाहेरच्या संस्थेला आपले नाव देत नाही. इगतपुरीची पद्धत वेगळ्या मुळातून आलेली, तरी नियम तसाच: ज्याने एकदा शिबिर पुरे केले आहे त्याचेच दान स्वीकारायचे. वारकऱ्याची माळ तर कोणाच्या अनुदानावर घातली जात नाही. तीन वेगळ्या मुलखांतल्या, वेगळ्या श्रद्धांच्या माणसांनी एकच खबरदारी घ्यावी, यामागे अनुभव असणार. सुटलेला माणूस दुसऱ्याला सोडवतो, यावर हे सगळे चालते. त्यात पगार, लक्ष्यपूर्ती आणि मार्चअखेरचा अहवाल शिरला की समोर बसलेला माणूस लाभार्थी होतो आणि बोलणारा कर्मचारी. विपश्यनेसाठी महाराष्ट्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना रजा देते. वारीला तशी रजा का नाही, असे एखाद्या माळकरी कारकुनाने विचारले तर उत्तर देताना साहेबांची पंचाईत होईल. (सरकारी प्रोत्साहनाची अडचण या एका अर्जात मावते.)

घटनेतली कलमे विद्यार्थ्याने स्वतः वाचावीत. ४७ वे कलम मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करायला सांगते. २७ वे म्हणते, एका विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायची सक्ती करता येणार नाही. मात्र प्रफुल्ल गोराडिया खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ सैल ठेवला: कराचा मोठा भाग एका धर्मासाठी गेला तरच भंग. तेव्हा छोट्या अनुदानांना न्यायालय अडवील असे समजू नये. अमेरिकेत हा वाद आपल्या पुढे गेला आहे. तिथे १९९६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने कैद्याला एएच्या धर्तीवरच्या ‘बारा पायऱ्यांच्या’ सभेला बसायची सक्ती घटनाबाह्य ठरवली, तर २००३ मध्ये त्याच न्यायालयाने विस्कॉन्सिनमधल्या एका ख्रिस्ती केंद्राला जाणारा सरकारी पैसा मान्य केला, कारण तिथे जायचे की नाही हे माणूस स्वतः ठरवत होता. सक्ती आणि निवड यांतली ही रेघ आपल्याकडच्या केंद्रांना लावून पाहावी; तिथे कित्येक रुग्ण नातेवाइकांनी उचलून आणलेले सापडतील.

नाशिकमध्ये निवडीच्या या प्रश्नाला जुना इतिहास आहे. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. पुढे १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आली आणि तिने असंख्य घरे सावरली. म्हणजे श्रद्धेने दार बंद केल्याचा अनुभव आणि श्रद्धेनेच दारू सोडवल्याचा अनुभव, दोन्ही एकाच समाजाच्या गाठीशी आहेत. त्या घरातल्या मुलाला सरकारी चिठ्ठी देऊन मठात पाठवायचे का? आणि दिंडोरीला मदत मिळाली तर मालेगावच्या जमातीलाही मिळणार का? दोन्ही प्रश्नांना बिनदिक्कत ‘हो’ म्हणणारा मंत्री मला अजून भेटायचा आहे.

यात महसुलाची भानगड आहेच. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी दिली. योगायोग असा की पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्यासह १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे करणारे अनिल अवचट त्याच दिवशी गेले. निर्णयाविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्यांत व्यसनमुक्त युवक संघाचे बंडातात्या कराडकर होते. आंदोलनात स्त्री पुढाऱ्यांबद्दल ते जे बोलले त्याचे समर्थन करता येत नाही, माफीही त्यांना मागावी लागली. पण सरकारला जाब विचारायला एक कीर्तनकार उभा राहू शकला, कारण त्याच्या झोळीत सरकारी अनुदान नव्हते. निर्णय अमलात आला नाही. जून २०२५ मध्ये मद्यावरचे शुल्क वाढवताना सरकारने वर्षाला १४ हजार कोटींच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा धरली. या रकमेपुढे व्यसनमुक्तीवरचा खर्च मांडून पाहावा, म्हणजे संतांकडे बोट दाखवणे सरकारला इतके सोयीचे का वाटते ते उमगेल.

मग सरकारने करायचे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि कोणालाही साखळीने बांधायला मनाई केली आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानी साखळीने बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून गेले, ती आठवण या मनाईमागे आहे. हा कायदा पाळला जातो का याची तपासणी मठाला, दर्ग्याला आणि खासगी केंद्राला सारखीच लागू व्हावी. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारात बसतात. मुजावर आपला विधी करतात आणि रुग्णाला या तज्ज्ञांकडेही पाठवतात. सरकारी औषध श्रद्धेच्या दारी गेले, श्रद्धा मात्र सरकारी झाली नाही. आणि देव नको असलेल्यालाही जागा हवीच: साताऱ्यातले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केले, ते काही कोणाच्या कृपेवर चालत नव्हते.

वर्गातल्या वाचनाइतकेच प्रत्यक्ष पाहणेही महत्त्वाचे, आणि त्यासाठी २०२६-२७ चा सिंहस्थ नाशिककरांच्या दारात आहे. तपोवनातल्या साधुग्रामात चिलीम भरली जाईल, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार तो गांजा गुन्हा ठरेल, पोलीस बहुधा पाहून न पाहिल्यासारखे करतील, आणि जवळच एखाद्या तंबूत व्यसनमुक्तीचे प्रदर्शन भरलेले असेल. तंबूबाहेर कोणाची नावे फलकावर आहेत, आत कोण प्रश्न विचारतो, आणि संध्याकाळी हात थरथरणारा माणूस आला तर त्याला कोणाकडे पाठवले जाते, हे टिपून आणणाऱ्या विद्यार्थ्याचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे.