बळ आणि बैठक

टांग्यांत बसून ज्यांनीं प्रवास केला आहे, त्यांना बैठकीखालच्या वांकड्या पोलादी पट्ट्यांची ओळख करून द्यावयास नको. खडकाळ रस्त्यावर चाक उसळे, पट्ट्या दबत, आणि बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोंचणारा धक्का वाटेंतच विरून जाई. कारागिरांच्या बोलींत यांना पाटे म्हणतात. घोडा दमदार आहे कीं नाहीं हें जो तो पाहतो. पाट्यांकडे मात्र ते मोडेपर्यंत कोणाचें लक्ष जात नाहीं. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या गाड्यांचा इतिहासही याच न्यायानें सांगितला जातो. त्यांच्या इंजिनांच्या अश्वशक्तीचे आंकडे शौकिनांना मुखोद्गत असतात. परंतु ती शक्ति ज्यांच्या आधारानें रस्त्यावर उतरली, त्या मागच्या पाट्यांची कथा क्वचितच ऐकूं येते. वास्तविक त्या गाड्यांच्या कसोटीचा एक मोठा प्रसंग याच पाट्यांत येऊन ठेपला होता.

पाट्यांचें कूळ मोटारीहून पुष्कळ जुनें आहे. युरोपांतील जुन्या घोडागाड्यांची बैठक कातड्याच्या जाड पट्ट्यांनीं टांगलेली असे. १८०४ सालीं लंडनमधील ओबडाया इलियट या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें लंबवर्तुळाकार पाट्यांचें पेटंट घेतलें. दोन कमानी समोरासमोर जोडून त्यांवर गाडीचा डोलारा ठेवल्यामुळें पुढचीं व मागचीं चाकें जोडणाऱ्या जड लांकडी दांड्याची गरज उरली नाहीं, आणि गाडी हलकी झाली. पुढें मोटारींत या लंबवर्तुळाचा अर्धाच भाग बहुधा पुरेसा ठरला. आजही मालमोटारीखालीं दिसते ती हीच अर्धी कमान.

एका जाड पट्टीऐवजीं पातळ पट्ट्यांची चवड कां? याचें उत्तर साध्या गणितांत आहे. पट्टीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठपणा दुप्पट न होतां आठपट होतो. दहा पातळ पाटे एकावर एक ठेवले तर ताठपणा एका पाट्याच्या दहापट होईल. पण तितक्याच जाडीची एकसंध पट्टी घेतली तर तो हजारपट होईल, आणि ती लवण्याचें नांवही घेणार नाहीं. भार पेलावयाचा, पण लवतांना मोडावयाचें नाहीं, अशा दुहेरी अपेक्षेला अनेकांनीं मिळून वांटून घेतलेला भार हाच उपाय ठरला. शिवाय पाटे एकमेकांवर घांसतात, त्या घर्षणानें गाडीचें हेलकावणेंही कांहीं अंशीं आवरतें.

मोटार आली तेव्हां या पाट्यांवर नवीं कामें पडलीं. घोडा गाडीला पुढून ओढतो. त्यामुळें टांग्याचे पाटे केवळ ओझें वाहतात. मोटारींत इंजिनाची शक्ति मागच्या आंसाला मिळते आणि चाकेंच गाडीला पुढें ढकलतात. फोर्डच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ गाडींत पाटे आडवे बसविले होते, आणि आंसाला धरून ठेवण्यासाठीं निराळे दांडे होते. परंतु हॉचकिस या फ्रेंच कारखान्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या रचनेंत हे जादा दांडे काढून टाकून सगळें काम दोन उभ्या पाट्यांवरच सोंपविलें गेलें. ओझें वाहावयाचें, आंसाला जागेवर धरावयाचें, आणि चाकें फिरतांना त्या आंसाला बसणारा उलटा पीळही सोसावयाचा, अशीं तीन कामें एकाच पट्टीच्या माथीं आलीं. रचना स्वस्त आणि सुटसुटीत होती. म्हणून ती जगभर रूढ झाली. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धांवलेली प्रीमियर पद्मिनी याच रीतीच्या पाट्यांवर उभी असे.

इंजिनें बेताचीं होतीं तोंवर तिसऱ्या कामाची कोणास आठवण झाली नाहीं. १९६४ च्या एप्रिलांत फोर्ड कंपनीनें ‘मस्टँग’ बाजारांत आणली आणि तरुण गिऱ्हाइकांची तिच्यावर झुंबड उडाली. तिला उत्तर म्हणून शेव्रोले कंपनीनें १९६६ च्या सप्टेंबरांत ‘कॅमेरो’ काढली. या नव्या गाडीच्या मागें प्रत्येक बाजूस पाट्यांची चवड नव्हती. निमुळता होत जाणारा एकच पाटा होता. हा प्रयोग त्या कंपनीनें १९६२ च्या ‘शेव्ही टू’ या साध्या घरगुती गाडींत केला होता. एकाच पाट्यांत घर्षण नाहीं, करकर नाहीं, वजन कमी. घरगुती गाडीला तो शोभलाही.

परंतु कॅमेरोंत ३९६ घनइंचांचें, ३२५ अश्वशक्तीचें इंजिनही मिळूं लागलें, आणि पाट्याची दुर्बलता उघडी पडली. इंजिन चाकांना पुढें फिरवूं लागलें, कीं आंसाचें कवच उलट दिशेनें फिरूं पाहतें. त्याचें नाक वर उचललें जातें. अशा वेळीं एकेरी पाटा आडव्या पडलेल्या एस अक्षरासारखा दुहेरी वांकतो. पीळ असह्य झाला म्हणजे टायर रस्त्यावरून सुटतो. टायर सुटतांच पाटा झटक्यानें सरळ होतो. तो सरळ होतांच टायर पुन्हां पकड घेतो आणि पुन्हां पीळ भरतो. हें चक्र एका सेकंदांत अनेकदां घडतें, चाकें रस्त्यावर थडथड उड्या मारूं लागतात, आणि गाडीनें पुढें झेंप घ्यावी त्या क्षणीं तिचें बळ स्वतःचेच सांधे खिळखिळे करण्यांत खर्ची पडतें.

यावर दोन उपाय झाले. १९६८ च्या कॅमेरोंत मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर एक आंसाच्या पुढें आणि एक मागें असे बसविण्यांत आले, जेणेंकरून आंस फिरूं लागला कीं ते त्यास अडवतील. आणि अधिक शक्तीच्या गाड्यांना पुन्हां अनेक पाट्यांची चवड देण्यांत आली. क्रायस्लर कंपनीची वाट पहिल्यापासून निराळी होती. तिच्या गाड्यांत आंस पाट्याच्या मध्यावर नसून पुढें सरकविलेला असे. पुढचा आंखूड भाग ताठ राहून पीळ सोशी, मागचा लांब भाग लवून धक्के गिळी. शिवाय इंजिनाची शक्ति मागें नेणारा दांडा फिरतांना उजवें चाक उचलूं पाहतो आणि डावें दाबतो, म्हणून तिच्या अत्यंत शक्तिमान गाड्यांत उजव्या व डाव्या पाट्यांची घडणही मुद्दाम निराळी ठेवलेली असे. बळ वाढवावयाचें तर त्याची बैठकही वाढविली पाहिजे, हें त्या रचनाकारांनीं ओळखलें होतें.

या गाड्यांचा बहर फार टिकला नाहीं. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे चढे दर आणि १९७३ चें तेलसंकट यांनीं त्यांचा काळ संपविला. उरलेल्या गाड्या आतां शौकीन लोक जिवापाड जपतात, आणि जुन्या पाट्यांच्या जागीं नवे घालण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतोच. वर्षानुवर्षांच्या ओझ्यानें कमान बसते, शेंपूट खालीं झुकतें, कधीं गाडी एका अंगावर कलते. बसलेला पाटा दिव्याच्या ज्योतीनें तापवून वांकविण्याचा मोह कित्येकांस होतो. पण त्यामुळें पोलादाला दिलेलें पाणीच उतरतें आणि पाटा लवकरच पुन्हां बसतो किंवा मोडतो.

नवे पाटे निवडतांना पहिला प्रश्न गाडीचें काम कोणतें हा. शर्यतीसाठीं घडविलेला ताठ पाटा गांवांतल्या रस्त्यावर घातला, तर प्रत्येक खळग्यावर मागचें अंग उसळतें आणि टायर जमीन सोडतो. म्हणजे पकड वाढण्याऐवजीं घटते. कमानीची उंची आणि पाट्याचा ताठपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेंही विसरतां कामा नये. केवळ गाडी उंच दिसावी म्हणून ताठ पाटे घालणें ही चुकीची वाट होय. पाटे नेहमीं जोडीनेंच बदलावे, आणि उजव्या-डाव्याचा भेद असेल तो पाळावा.

बसविण्याच्या कामांत बळापेक्षां क्रमाला महत्त्व अधिक. पुढच्या चाकांना अडणी लावून गाडीचा सांगाडा भक्कम घोड्यांवर टेंकवावा, आंसाला जॅकचा निराळा आधार द्यावा आणि पाट्यांवरचा ताण उतरल्यावरच बोल्ट सोडावे. एका वेळीं एकच बाजू उकलावी, म्हणजे आंस जागचा हलत नाहीं. पाट्याचें पुढचें टोक पक्क्या खिळीवर असतें. मागचें टोक झुलत्या कडीला लटकतें, कारण कमान दबली कीं तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट हवी असते. मधल्या बोल्टाचें डोकें आंसावरच्या भोंकांत बरोबर बसलें पाहिजे, नाहीं तर आंस तिरपा राहतो. यू-बोल्ट नवेच घ्यावे, आणि त्यांचे नट आळीपाळीनें, सारख्या ताणानें आवळावे.

यानंतर उतावीळ कारागीर हमखास चुकतो तो प्रसंग येतो. गाडी अधांतरीं असतांनाच तो टोकांचे बोल्ट कचकचून आवळून टाकतो. त्या बोल्टांभोंवतीं रबरी बुश असतात. गाडी खालीं येतांच कमान दबते, आणि घट्ट धरलेलें रबर जन्मभर पिळलेल्या अवस्थेंत राहून लवकरच फाटतें. म्हणून जाणता कारागीर तेथील बोल्ट प्रथम हातानेंच लावतो. मग गाडी चाकांवर उतरवितो, मागचें अंग दोन-चार वेळां दाबून सोडतो, सारें ओझें आपापल्या जागीं बसूं देतो, आणि मगच शेवटचा पाना फिरवितो. शेंदोनशें मैल गाडी धांवल्यावर तो यू-बोल्टांचे नट पुन्हां एकवार तपासतो.

ओझें आल्याशिवाय शेवटची गांठ आवळूं नये, हा त्या धंद्यांतला साधा नियम आहे. कॅमेरोच्या एकेरी पाट्यानेंही दुसऱ्या रीतीनें तेंच शिकविलें. घरगुती गाडीच्या ओझ्यावर ज्याची पारख झाली होती, तो पाटा तिप्पट बळाखालीं तसाच टिकेल असें गृहीत धरलें गेलें, आणि खरें ओझें येतांच चाकें नाचूं लागलीं. ३२५ घोड्यांचें बळ इंजिनाच्या कारखान्यांत निर्माण झालें खरें. पण तें रस्त्यावर उतरलें, तें बैठकीखालच्या पाट्यांनीं तें पेललें तेव्हां.