लायक कोण, हे ठरवतो कोण?

गुणवत्तेचा विषय निघाला की काही विद्वान लगेच डार्विनला पुढे करतात. निसर्गातच स्पर्धा आहे म्हणे, लायक तोच टिकणार! आम्ही त्यांना एवढेच विचारतो, डार्विन वाचला आहे का? ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द त्याच्या १८५९ च्या ग्रंथात नाहीत. ते हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये वापरले. वॉलेसच्या आग्रहाने डार्विनने ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतले. आणि ‘फिट’ म्हणजे श्रेष्ठ नव्हे. त्या जागी, त्या वेळी निभावून नेणारा, इतकेच.

गॅलापॅगोसमधील डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. १९७७ मध्ये दुष्काळ पडला. बारीक बिया संपल्या, उरला सराटा (आपल्या माळरानावर पायात रुततो त्याचाच भाऊबंद). मध्यम आकाराच्या फिंचांपैकी मोठ्या चोचीचे तो फोडून जगले, लहान चोचीचे बहुतेक मेले. झाली गुणवत्ता सिद्ध? थांबा. १९८२ मध्ये त्यांच्याहून मोठ्या फिंचांची दुसरी प्रजाती तिथे वस्तीला आली. २००३ नंतर पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सराट्यावर या नव्या प्रजातीने ताबा मिळवला आणि मध्यम फिंचांतले मोठ्या चोचीचेच उपाशी मेले. लहान चोचीचे वाचले. बेट तेच, चोच तीच, फक्त शेजारी बदलला होता.

ही दोन प्रजातींमधली स्पर्धा. जाती या प्रजाती नव्हेत. १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी जातीला वंशशुद्धीचा आणि सुप्रजननाचा आधार देणाऱ्यांना थेट आनुवंशशास्त्रज्ञ बेटसनचा दाखला देऊन उत्तर दिले आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चमार एकाच वंशाचे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले.

मुळात जातिव्यवस्थेत स्पर्धा होतीच कुठे? फिंचांना सराट्यापर्यंत जायला कुणी मज्जाव केला नव्हता. इथे १९२७ मध्ये महाडला तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्यांना पाणवठ्यावर येऊच दिले नाही, ते शर्यतीत हरले असे म्हणायचे, हे कुठले विज्ञान?

बाबासाहेबांचे हे विवेचन लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या भाषणात आहे. मजकूर हाती पडताच मंडळाने तो बदलायला सांगितला. बाबासाहेबांनी नकार दिला, भाषण झालेच नाही. मग त्यांनी ते स्वखर्चाने छापले.