ठोकळ्यातून वक्रता : वऱ्हाडातील लाकडी बैल, यादवकालीन छत आणि संगणकीय खेळांतील प्राणी

सारांश

सरळ कडांच्या घटकांतून गोलाई कशी निर्माण करावी, हा प्रश्न शिल्पकार, गवंडी, सुतार आणि गणिती यांच्यासमोर प्राचीन काळापासून उभा आहे. संगणकीय खेळांतील ठोकळेबाज प्राण्यांची प्रारूपे घडविणाऱ्यांसमोरही आज तोच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, यादवकालीन मंदिरांची छते, भास्कराचार्यांचे बहुकोनांचे गणित आणि गेल्या पन्नास वर्षांतील संगणकीय चित्रण यांचा एकत्रित विचार केला आहे. या सर्वांत उत्तराच्या तीन रीती आढळतात : तासणे, रचणे आणि भासविणे.

बीजशब्द : कौंडण्यपूर, तान्हा पोळा, हेमाडपंती स्थापत्य, लीलावती, बहुकोन, संगणकीय खेळ.

प्रस्तावना

वर्धा नदीच्या काठावरील कौंडण्यपूर (ता. तिवसा, जि. अमरावती) हे विदर्भाच्या प्राचीन राजधानीचे, कुंडिनपुराचे, स्थान मानले जाते. भीष्मकाची कन्या रुक्मिणी हिचे माहेर म्हणून हे गाव सर्वपरिचित आहे. १९६०च्या दशकात मो. गं. दीक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननामुळे येथील वस्तीची प्राचीनता पुराव्यानिशी पुढे आली. दीक्षित हे प्राचीन मण्यांचेही व्यासंगी अभ्यासक होते. मण्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. अकीकाच्या ओबडधोबड खड्याला आधी ठोकून चौकोनी आकार द्यायचा, मग त्याच्या कडा छाटायच्या, उरलेले कोपरे घासायचे आणि शेवटी झिलई करायची, हा मणी घडविण्याचा क्रम होय. नागपूरजवळील माहुरझरी हे अशा मण्यांच्या निर्मितीचे प्रसिद्ध प्राचीन केंद्र होते. गोल वस्तू थेट गोल घडत नाही, ती आधी चौकोनी असते आणि टप्प्याटप्प्याने गोल होते. विदर्भातील कारागिरांना हे सूत्र किमान दोन सहस्रकांपासून अवगत आहे.

या सूत्राचा पुढील प्रवास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मात्र या तपासणीत एक धोका संभवतो. जुन्या दगडात नवे यंत्र शोधण्याचा मोह अनेकदा इतिहासलेखनाला आडवाटेस नेतो. म्हणून येथे वारसाहक्काचा दावा नाही. एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या काळांनी दिलेली उत्तरे ताडून पाहणे, एवढीच या लेखाची मर्यादा आहे.

तासणे : लाकडी बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा साजरा होतो. मुले चाकांवरील लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा मिळतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली, असे परंपरा सांगते. बैलाची लहान प्रतिकृती घडविण्याची वृत्ती मात्र त्याहून फार जुनी आहे. इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कच्च्या मातीच्या देवीमूर्तीसोबत मातीचा बैल मिळाला. दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या चार वस्तूंमध्ये बैल जोडलेला रथ आहे, तसेच हत्ती, गेंडा आणि रेडा आहेत.

माती आणि धातू यांना वळण देणे सोपे असते. माती बोटांनी दाबता येते आणि वितळलेला धातू साच्याचा आकार घेतो. लाकडाचे तसे नाही. सुतारासमोर असतो तो काटकोनी ठोकळा. वाकसाने तो प्रथम पाठ, मान आणि डोके यांच्या पायऱ्या पाडतो. या अवस्थेतील बैल संगणकीय खेळातील ठोकळेबाज प्राण्यासारखाच दिसतो. त्यानंतर पटाशीने कडा मारल्या जातात, म्हणजे चौकोनी छेदाचा अष्टकोनी होतो. मग कानस येते. सर्वांत अवघड भाग दोनच, वशिंड आणि शिंग. वशिंड ही एका वक्र पाठीवर बसलेली दुसरी वक्रता आहे. दोन्ही वळणे जेथे मिळतात तेथे हात चुकला, तर बैलाचा उंट होतो. शिंगाची अडचण वेगळी आहे. लाकडाचे तंतू सरळ धावतात आणि शिंग वळते. वळणाच्या टोकाशी तंतू आडवे तुटत असल्याने बारीक शिंग टिकत नाही. यावर उपाय म्हणजे शिंग आखूड व जाड ठेवणे किंवा ते स्वतंत्र घडवून खाचेत बसविणे. यातील दुसऱ्या उपायात तासण्याची रीत संपते आणि रचण्याची सुरू होते.

रचणे : यादवकालीन छत

वऱ्हाडात हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी मंदिरे मोठ्या संख्येने आहेत. लोणारचे दैत्यसूदन मंदिर आणि दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वर मंदिर ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. हेमाद्री हा यादव राजे महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र यांच्या काळातील अधिकारी. बार्शीटाकळी (जि. अकोला) येथील देवीमंदिराचा शिलालेख मात्र शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. त्यामुळे ही बांधकामपद्धती या मंत्र्याच्या आधीपासून वऱ्हाडात रूढ होती, हे स्पष्ट होते.

चौकोनी मंडपावर वर्तुळाकार छत कसे बसवावे, हा या मंदिरांच्या सूत्रधारांसमोरील प्रश्न होता. पाचरीच्या दगडांची खरी कमान त्यांनी वापरली नाही. त्यांची पद्धत कदलिकाकरणाची, म्हणजे प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकविण्याची होती. मंडपाच्या चार कोपऱ्यांवर तिरकस शिळा ठेवल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोनाचे कोपरे पुन्हा झाकले की सोळा बाजू मिळतात. त्यावर लहान लहान होत जाणारी वर्तुळाकार कडी बसतात. प्रत्येक शिळा आडवीच असते. तिचे मागचे टोक वरच्या भाराखाली दाबलेले राहते आणि पुढचे टोक पोकळीत डोकावते. एका कड्यातील शिळा परस्परांना रेटून धरतात, त्यामुळे चुन्याशिवायही छत उभे राहते.

बाजू दुप्पट करण्याच्या या क्रमामागील गणित सोपे व उद्बोधक आहे. वर्तुळात बसविलेल्या समभुज बहुकोनाची बाजू वर्तुळापासून जास्तीत जास्त किती दूर राहते, हे त्रिज्येच्या प्रमाणात मोजल्यास चौकोनासाठी ते अंतर २९.३ टक्के येते. अष्टकोनासाठी ते ७.६, सोळा बाजूंसाठी १.९ आणि बत्तीस बाजूंसाठी ०.५ टक्के आहे. बाजू दुप्पट केल्या की तफावत साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. सोळा बाजूंपर्यंत पोहोचल्यावर छिन्नीने काढण्यासारखे फारसे उरत नाही. त्यापुढे बाजू वाढविण्यात श्रम जातात, पण डोळ्याला मिळणारा लाभ अल्प असतो. हा हिशेब सूत्रधाराने आकड्यांत मांडला होता, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि तो त्याच्या हाताला कळला होता, याची साक्ष छत देते.

याच शतकात हा हिशेब आकड्यांतही मांडला गेला. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) इ.स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीतील 'लीलावती' या भागात वर्तुळातील त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या बाजूंचे गुणक दिले आहेत. व्यास १,२०,००० मानल्यास चौकोनाची बाजू ८४,८५३, षट्कोनाची ६०,००० आणि अष्टकोनाची ४५,९२२ येते. आधुनिक गणनेशी हे आकडे तंतोतंत जुळतात. सप्तकोनासाठी त्यांनी ५२,०५५ हा आकडा दिला आहे, तर आधुनिक गणनेने तो ५२,०६६ येतो. बारा हात व्यासाच्या वर्तुळात अष्टकोन बसवायचा असेल, तर त्याची बाजू सुमारे ४.५९ हात, हे या गुणकावरून तत्काळ मिळते. गोलाच्या पृष्ठफळाचे विवेचन करताना भास्कराचार्यांनी चेंडूवर गुंडाळलेल्या जाळीची उपमा योजली आहे. वक्र पृष्ठभाग लहान लहान सपाट तुकड्यांत विभागून मोजण्याची कल्पना तिच्यात स्पष्ट आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन झाला आणि इ.स. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. मठातील गणिती आणि मंडपावरील सूत्रधार यांची प्रत्यक्ष देवाणघेवाण या पुराव्याने सिद्ध होत नाही. मात्र एकाच राजवटीच्या छायेत एकच प्रश्न पोथीत आणि पाषाणात सोडविला जात होता, हे नाकारता येत नाही.

भासविणे : छायेची किमया

संगणकाच्या पडद्यावरील त्रिमित प्राणीही मुळात जाळीच असतो. सपाट बहुकोन कडेला कडा लावून जोडले जातात आणि त्यांतून शरीर उभे राहते. १९९३ साली आलेल्या 'व्हर्च्युआ फायटर' या खेळातील पात्रे त्यामुळेच कोनाकोनांची दिसत. तत्कालीन यंत्रांना एका क्षणात मोजकेच बहुकोन रेखाटता येत. बाजू वाढविणे महाग होते, म्हणून गोलाई भासविण्याचे मार्ग महत्त्वाचे ठरले. त्यांचा पाया युटा विद्यापीठात घातला गेला होता. आँरी गुरो यांनी १९७१ साली बहुकोनाच्या कोपऱ्यांवरील प्रकाशमान काढून ते मधल्या भागावर हळूहळू पसरविण्याची रीत मांडली. बुई तुओंग फाँग यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने चकाकीही हुबेहूब दिसू लागली. या रीतींत आकार बदलत नाही, फक्त छाया बदलते. म्हणूनच अशा प्राण्याचा गाल गोल दिसतो, पण आकाशाच्या पार्श्वभूमीवरील त्याची बाह्यरेषा कोनयुक्तच राहते. १९७८ साली एडविन कॅटमल व जिम क्लार्क यांनी जाळीचा प्रत्येक तुकडा पुनःपुन्हा विभागून ती खरोखर गोल करण्याची पद्धत दिली. मंडपातील चार, आठ, सोळा या क्रमाची येथे आठवण होते.

यंत्रे समर्थ झाल्यावर ठोकळे नाहीसे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात उलट घडले. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी २००९ साली लोकांसमोर आणलेला आणि २०११ साली पूर्णरूपात प्रसिद्ध झालेला 'माइनक्राफ्ट' हा खेळ जाणीवपूर्वक ठोकळ्यांचा ठेवण्यात आला. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यातील 'क्रीपर' या प्राण्याचा जन्म चुकीतून झाला. डुकराचे प्रारूप करताना लांबी व उंचीची अदलाबदल झाली आणि उभा, चार आखूड पायांचा वेगळाच प्राणी निर्माण झाला. ठोकळेबाज प्राण्याचे सारे व्यक्तित्व प्रमाणांत असते, हे या उदाहरणावरून दिसते.

अशा प्राण्याला शिंग, शेपूट किंवा वशिंड द्यायचे असल्यास लहान होत जाणारे ठोकळे एकापुढे एक जोडून प्रत्येकाला थोडा कोन दिला जातो. काटकोनात वळणारे शिंग चार वळणांत करायचे तर प्रत्येक वळण २२.५ अंशांचे येते. या खेळातील वस्तूंच्या प्रारूपांना दीर्घ काळ २२.५ अंशांच्या पटीतच फिरविण्याची मुभा होती. ३६० अंशांचा हा सोळावा भाग, म्हणजे मंडपाच्या सोळा बाजूंचाच कोन होय. मात्र ठोकळा फिरविला की वळणाच्या बाहेरच्या अंगाला फट पडते आणि आतल्या अंगाला दोन ठोकळे एकमेकांत शिरतात. दोन पृष्ठभाग नेमके एकाच पातळीवर आले, तर पडद्यावर तो भाग लुकलुकतो. म्हणून फिरण्याचा बिंदू काळजीपूर्वक निवडावा लागतो आणि एक ठोकळा दुसऱ्यात किंचित बुडवावा लागतो. लाकडी बैलाचे शिंग खाचेत बसविणारा सुतार हेच करतो. उरलेले काम रंग करतो. ठोकळ्याच्या कडांवर गडद आणि मध्यावर उजळ छटा दिली की सपाट कुशी फुगीर भासते.

भासविण्याची ही रीत मंदिरांनाही अपरिचित नव्हती. छताच्या कड्यांवरील कमळपाकळ्या आणि मध्यावरील पद्मशिला यांचे एक कार्य दृष्टीला सांध्यांवरून सरकवीत नेण्याचेही आहे. पाकळीची रेषा सांध्यावरून धावते, म्हणून सांधा दिसत नाही.

साम्य आणि भेद

या उदाहरणांतील साम्य रचनेचे आहे, भेद परिणामांचा आहे. पडद्यावरील ठोकळ्याला वजन नसते. तो हवेत तरंगू शकतो आणि चूक झाल्यास एका कळीने मागे घेता येते. सूत्रधाराची शिळा चुकली तर छत कोसळते आणि सुताराचा घाव अधिक गेला तर ठोकळा वाया जातो. ज्ञानाच्या जतनातही भेद आहे. गुरो, फाँग, कॅटमल यांच्या रीती प्रबंधांत नोंदल्या गेल्या, भास्कराचार्यांचे आकडे पोथ्यांत टिकले. सूत्रधाराचे ज्ञान छतात आणि सुताराचे ज्ञान हातात राहिले.

म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. निखळलेली शिळा कोणत्या कड्यातील, त्या कड्यात कितवी, हे नोंदविल्याविना ती पुन्हा बसविली, तर मंदिर उभे राहील पण त्यातील विचार हरवेल. सांध्यांवर सिमेंट थापले किंवा पाकळ्यांवर तैलरंग चढविला, तर रचनेचा पुरावाच झाकला जाईल. साच्यातील प्लॅस्टिकच्या बैलाला वळण सहज मिळते, परंतु ते वळण कोणाला समजून घ्यावे लागत नाही.

निष्कर्ष

१. सरळ घटकांतून वक्रता साधण्याच्या तासणे, रचणे व भासविणे या तीन रीती लाकूड, पाषाण आणि संगणक या तिन्ही माध्यमांत आढळतात आणि बहुधा त्या एकमेकींच्या साहाय्याने वापरल्या जातात.

२. बाजू दुप्पट करीत वर्तुळाजवळ जाण्याचे तत्त्व यादवकालीन छतांत दृश्य रूपाने आणि संगणकीय विभाजनपद्धतीत गणिती रूपाने दिसते. लीलावतीतील गुणक या दोहोंच्या आकलनास उपयुक्त आहेत. यावरून प्राचीन काळी संगणकविद्या होती, असा निष्कर्ष काढणे मात्र अनैतिहासिक ठरेल.

३. ठोकळेबाजपणा हे कौशल्याच्या अभावाचे लक्षण नाही. माध्यमाची मर्यादा ओळखून घेतलेला तो निर्णय असू शकतो.

४. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'राजी' या खेळात भारतीय स्थापत्य व पुराणकथा यांचा आधार घेतला आहे. वऱ्हाडातील मंदिरांची शिळेगणिक मोजमापे उपलब्ध झाल्यास अशा निर्मितीलाही भक्कम आधार मिळेल.

५. इतिहास, गणित आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे परिसरातील एखाद्या मंडपाचे छत मोजून त्याचे त्रिमित प्रारूप करणे, हा महाविद्यालयीन स्तरावर सहज शक्य असलेला उपक्रम आहे. पडद्यावरील प्राण्याचे शिंग वळविताना विद्यार्थ्याला जी फट सतावते, तीच फट आठ शतकांपूर्वी लोणार-लासूरच्या सूत्रधाराने दगडात बुजविली होती. ती कशी बुजविली हे छताखाली उभे राहून, टेप हातात धरून समजून घेतले, तर इतिहास आणि भूमिती हे दोन्ही विषय त्याला एकाच वेळी आपले वाटू लागतील.