कथा रचणारीं खेळयंत्रें

श्रोतेहो, रेडिओचा संच घरांत असतो तो ऐकण्यासाठीं. त्यानें सांगावें व आपण ऐकावें, हा त्याचा आपला करार. उद्यां सकाळीं त्याच पेटीला एखादी नवी कळ फुटली आणि 'आतां तुमचें भाषण होऊं द्या' असें ती म्हणूं लागली, तर घरांतील लहानथोरांची जी अवस्था होईल, तशीच कांहींशी अवस्था इ. स. १९९५ च्या मार्चअखेर जपानांतील कित्येक मुलांची झाली असावी. तोंपर्यंत जें यंत्र त्यांना दुसऱ्यांनीं रचलेले खेळ खेळावयास देत होतें, त्याच यंत्रांत बसणारें एक साधन बाजारांत आलें आणि सांगूं लागलें कीं, खेळ तूंच रच. त्या साधनाचें नांव 'आर. पी. जी. त्सुकूरु : सुपर दांते'. त्याचा व त्याच्या भावंडांचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आणि याहून शतपट समर्थ साधनें हाताशीं असतां कित्येक जाणतीं माणसें या जुन्या साधनांकडे पुनः कां वळतात, याचाहि थोडा विचार करावयाचा आहे.

'आर. पी. जी.' हीं 'रोल-प्लेइंग गेम' या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें. नट भूमिका घेतो तशी खेळाडूनें एका वीराची भूमिका घ्यावयाची, गांवोगांव हिंडावयाचें, भेटेल त्याच्याशीं बोलावयाचें, राक्षसांशीं झुंजून अनुभव व बळ मिळवावयाचें आणि शेवटीं एखादें मोठें संकट निवारावयाचें, असा हा कथारूप खेळ. याचें मूळ अमेरिकेंत आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा, कागद, पेन्सिल व फांसे घेऊन बैठकींत खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत एक जण कथा रचून सांगे व बाकीचे तिच्यांतलीं पात्रें होत. पुढें १९८१ मध्यें 'विझर्ड्री' व 'अल्टिमा' हे खेळ संगणकावर आले, तेव्हां कथा सांगणारा माणूस बैठकींतून उठला व त्याच्या जागीं यंत्र बसलें. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढची हकीकत त्या उठून गेलेल्या माणसाच्या परत येण्याची आहे.

जपानांत या प्रकाराला घरोघर नेलें तें 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळानें. एनिक्स कंपनीनें तो २७ मे १९८६ रोजीं निन्तेन्दोच्या 'फॅमिकॉम' या यंत्रासाठीं काढला. (१९८३ सालच्या या फॅमिकॉमच्या नकला पुढें आपल्या शहरांतहि 'टीव्ही गेम' म्हणून आल्या, आणि त्यांच्या कार्ट्रिजला आपलीं मुलें 'कॅसेट' म्हणत, हें पुष्कळांस स्मरत असेल.) या खेळाचा रचनाकार युजी होरी. तो व त्याचा सहकारी कोइची नाकामुरा, हे दोघेहि एनिक्सनें १९८२ मध्यें भरविलेल्या हौशी लोकांच्या स्पर्धेंतून पुढें आलेले. नाकामुरा तर तेव्हां शाळकरी होता. म्हणजे ज्या खेळानें अवघ्या पिढीला वेड लाविलें, तो रचणारे हात मुळांत हौशी लोकांचेच होते. परंतु खेळ यशस्वी झाला, धंदा वाढला, आणि ज्या दारानें हे आंत आले तें दार अरुंद होत गेलें. कार्ट्रिज ही बंद डबी. तिच्यांतलें वाचतां येतें, तिच्यांत लिहितां येत नाहीं.

लिहूं देण्याचा एक प्रयत्न निन्तेन्दोनें आधीं केला होता. १९८४ चें 'फॅमिली बेसिक' म्हणजे फॅमिकॉमला जोडावयाचा कळफलक. त्यावर संगणकाच्या भाषेंत आज्ञा लिहाव्या व त्या ध्वनिफितीवर सांठवाव्या, अशी सोय होती. पण त्यासाठीं आधीं ती भाषा शिकावयास हवी. ज्याला गोष्ट सांगावयाची आहे, त्यानें आधीं व्याकरण घोटावें, अशांतला हा प्रकार. आणि व्याकरण शिकविण्यांत उभा जन्म घालविलेल्या मजसारख्यास त्यांतली अडचण कळते.

ही अडचण दूर केली आस्की या प्रकाशनसंस्थेनें. संगणकविषयक मासिकें काढणारी, १९७७ सालीं स्थापन झालेली ही संस्था. तिनें १९९० मध्यें 'दांते' नांवाचें खेळ-रचनेचें साधन एम. एस. एक्स. जातीच्या घरगुती संगणकासाठीं काढलें. (नांव ऐकतांच इटलीच्या महाकवीची आठवण व्हावी, आणि उघडून पहावें तों आंत राक्षस व औषधांच्या बाटल्या! असो.) १९९२ मध्यें 'आर. पी. जी. त्सुकूरु दांते ९८' हें एन. ई. सी. कंपनीच्या पी. सी. ९८०१ या संगणकावर आलें. 'त्सुकुरु' म्हणजे जपानींत 'बनविणें'. त्यांतला स्वर किंचित् लांबविला कीं शेवटीं इंग्रजी 'टूल' ऐकूं येतें. असा हा श्लेष आहे. परंतु त्या मालिकेंतला पहिला संगणक १९८२ सालीं २,९८,००० येनांस विकला गेला होता, आणि १९९० मध्यें निघालेल्या 'सुपर फॅमिकॉम' खेळयंत्राची किंमत होती २५,००० येन. मुलाच्या वाढदिवशीं बाप यांतलें कोणतें आणील, हें सांगावयास नको. म्हणूनच १९९५ सालीं हें साधन संगणकावरून उतरून खेळयंत्रांत आलें, ही मी या इतिहासांतली मुख्य घटना समजतों.

आतां त्याचें काम कसें चाले तें पाहूं. पडद्यावर भूमि तयार करावयाची ती चौरस तुकड्यांची. गवत, वाळू, पाणी, डोंगर, भिंत, दार, असे तुकडे साधनांत तयारच असतात. घरांत फरशी बसवावी तसे ते एकाशेजारीं एक बसवीत जावयाचें. मग त्या भूमीवर माणसें उभीं करावयाचीं व त्यांच्या तोंडीं शब्द घालावयाचे. खरी खुबी पुढें आहे. साधनांत 'स्विच' म्हणून एक योजना असते. दिव्याच्या कळीप्रमाणें लागलेला किंवा मालवलेला, एवढ्या दोनच अवस्था त्याला ठाऊक. राजाची भेट झाली कीं अमुक स्विच लागावा, असें नेमावयाचें. आणि वेशीवरच्या पहारेकऱ्यास सांगून ठेवावयाचें कीं, तो लागलेला असेल तरच वाट सोड, नाहीं तर 'आधीं राजाला भेटून ये' म्हण. एवढ्या युक्तीनें कथेंत आधींचें व नंतरचें असा संबंध उत्पन्न होतो. बारा वर्षांचा मुलगा जर-तरचें तर्कशास्त्र, त्याचें नांवहि न ऐकतां, हातानें करूं लागतो. आणि विसरला, तर त्याची चूक कोणी लाल शाईनें दाखवावी लागत नाहीं. राजा मरून दोन दिवस झाले तरी पहारेकरी आपला 'आधीं राजाला भेटून ये' म्हणतच राहतो!

हें सर्व हातांतल्या चार-सहा कळांनीं करावयाचें. अक्षरेंदेखील पडद्यावरील तक्त्यांतून एकेक वेंचून घ्यावयाचीं. याच घराण्यांतली इंग्रजी आवृत्ति मी एका आप्ताकडे हाताळली आहे. गांवच्या पाटीवर चार वाक्यें लिहावयास मला पाऊण तास लागला. इतक्या कष्टानें लिहावयाचें म्हटल्यावर मनुष्य 'अत्यंत' व 'खरोखर' हे शब्द आपोआप गाळूं लागतो, हा अनुभव मात्र मोठा मौजेचा होता.

पुढल्याच वर्षीं, जानेवारी १९९६ मध्यें, 'आर. पी. जी. त्सुकूरु २' निघालें. त्याच्या कार्ट्रिजला वरच्या बाजूस एक खांच होती. तींत 'सॅटेलाव्ह्यू' योजनेची स्मृतिपेटी बसे. रेडिओच्या श्रोत्यांना या योजनेची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. 'सेंट गिगा' नांवाचें जपानचें एक उपग्रह-नभोवाणी केंद्र होतें. समुद्राच्या भरती-ओहोटीशीं मेळ राखून लाटांचे व निसर्गाचे ध्वनि ऐकवावे, असा त्याचा मूळचा बाणा. त्याच केंद्रानें निन्तेन्दोशीं मिळून एप्रिल १९९५ पासून जून २००० पर्यंत खेळच्या खेळ आकाशमार्गें घरोघर पाठविले. लाटांचा आवाज ज्या वाटेनें यावा त्याच वाटेनें राक्षसांच्या गुहा याव्या, असा योग नभोवाणीच्या इतिहासांत क्वचितच आला असेल.

नोव्हेंबर १९९७ मध्यें तिसरें साधन सोनीच्या 'प्लेस्टेशन'साठीं आलें आणि २००० सालीं अमेरिकेंत अजेटेक कंपनीनें तें 'आर. पी. जी. मेकर' या नांवानें इंग्रजींत काढलें. त्याच्या जोडीला पात्रांचीं चित्रें स्वतः काढण्याचेंहि साधन होतें. येथें रचलेली कथा रहात असे वेगळ्या स्मृतिपत्रावर. मेमरी कार्ड म्हणून ओळखलें जाणारें हें पत्र आगपेटीहून फारसें मोठें नाहीं. त्याची एकूण धारणशक्ति १,३१,०७२ बाइट आणि वापरावयास मिळणारे कप्पे १५. आजच्या दूरध्वनीवर घेतलेलें एक छायाचित्रहि त्यांत मावणार नाहीं. पण हें पत्र खिशांत घालून मित्राच्या घरीं नेतां येई. 'डेक्सड्राइव्ह' नांवाच्या उपकरणानें त्यांतला मजकूर संगणकावर उतरवून दूरदेशीं धाडतां येऊं लागला, तेव्हां एकमेकांचें तोंडहि न पाहिलेलीं मुलें एकमेकांच्या कथा खेळूं लागलीं. यानंतरचीं साधनें मी भरभर ओलांडतों. २००२ सालचें पांचवें साधन 'प्लेस्टेशन २'साठीं त्रिमिति घेऊन आलें. सामर्थ्य वाढलें, पण त्याबरोबर गुंतागुंतहि वाढली, आणि माझ्या मतें मूळ घराण्याचा सोपेपणा तेथें हरवला.

आतां मूळ प्रश्न. आज संगणकावर याच घराण्यांतलीं नवीं साधनें आहेत. चित्रें हवीं तितकीं, संगीत हवें तितकें, जागेला सीमा नाहीं. मग जुन्याची ओढ कां? बहुतेक जण उत्तर देतात कीं, बंधनांत प्रतिभा फुलते. हें मला पुरतें मान्य नाहीं. बंधनानें प्रतिभा येत असती तर प्रत्येक तुरुंगांतून एकेक कवि बाहेर पडला असता. या साधनांवर रचलेल्या खेळांपैकीं बहुतेक 'ड्रॅगन क्वेस्ट'चीं धाकटीं रूपें असणार व पुष्कळ अर्धवट राहिले असणार, हें उघड आहे. क्वचित् कोठें वेगळें तेज दिसतें. संगणकावरच्या 'दांते ९८'नें रचलेला १९९६ चा 'कॉर्प्स पार्टी' हा भयकथेचा खेळ पुढें मोठी व्यावसायिक मालिका झाला. पण तो अपवाद, आणि तोहि संगणकावरचा.

बंधनाचा उपयोग मला निराळा दिसतो. शाळेंत निबंधाला 'वाटेल त्या विषयावर लिहा' म्हटलें कीं निम्मा वर्ग पेन्सिली चावीत बसे. 'आमच्या गल्लींतला पाऊस, वीस ओळी' म्हटलें कीं लेखण्या चालूं लागत. निबंध उत्तम होत असें नव्हे. ते पुरे होत. या जुन्या साधनांत जागा किती उरली तें डोळ्यांपुढें असे, आणि जागा संपत आली कीं राक्षसाला मारून कथा आटोपती घ्यावीच लागे. आरंभ, मध्य व अंत असलेली स्वतःची एक वस्तु! मोठ्या माणसांनाहि ती आयुष्यांत फार वेळां लाभत नाहीं.

परंतु याहून मोठें कारण मला बैठकीचें वाटतें. खेळ ज्या पडद्यावर खेळावयाचा त्याच पडद्यावर, त्याच जमिनीवर बसून, त्याच कळांनीं तो रचावयाचा. रचून झाला कीं शेजारीं बसलेल्या धाकट्या भावाच्या हातीं कळा द्यावयाच्या आणि तो कोठें हंसतो, कोठें अडतो, हें पहात बसावयाचें. ग्रंथकाराला वाचकाचा चेहरा इतक्या जवळून क्वचितच दिसतो. १९७४ सालच्या त्या बैठकींतून उठून गेलेला कथा सांगणारा येथें, दूरदर्शन-संचापुढें, पुनः येऊन बसला. नव्या साधनांनीं जगभरचे खेळाडू मिळवून दिले, पण हा शेजारचा एक मिळवून देणें त्यांना सहज जमत नाहीं.

आणि येथेंच एक दुःखाची बाब सांगावी लागते. सुपर फॅमिकॉमच्या कार्ट्रिजमध्यें मुलानें लिहिलेली कथा टिकते ती आंतल्या एका चपट्या, नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर. त्या बॅटऱ्यांना आतां तीस वर्षें होत आलीं. एकेक विझत आहे, कित्येक विझल्याहि. बॅटरी विझली तरी साधन पूर्ववत् सुरू होतें. गवताचे व पाण्याचे तुकडे जागच्या जागीं असतात. फक्त त्यांतून रचलेला गांव नाहींसा झालेला असतो. जपानचें राष्ट्रीय संसद-ग्रंथालय २००० सालापासून प्रसिद्ध होणाऱ्या खेळांच्याहि प्रति कायद्यानें जमा करून घेतें, पण शाळकरी मुलानें भावासाठीं रचलेला खेळ 'प्रकाशन' या सदरांत कोठें बसणार? नवीं साधनेंहि या बाबतींत फार शहाणीं झालीं असें नाहीं. २०१६ सालीं निघालेल्या 'आर. पी. जी. मेकर फेस'वर रचलेले खेळ जालावरून परस्परांस देतां येत. तें ज्या 'निन्तेन्दो ३ डी. एस.' यंत्रावर चाले त्याची जालसेवा एप्रिल २०२४ मध्यें बंद झाली व ती वाटहि मिटली. त्या मानानें प्लेस्टेशनचें स्मृतिपत्र दीर्घायुषी. त्याला बॅटरी लागत नाहीं, आणि एखाद्या खणांत तें आजहि सुखरूप पडलेलें असूं शकेल.

कार्ट्रिजमधला मजकूर वाचून संगणकावर उतरवून घेणारीं छोटीं उपकरणें आतां मिळतात. जाणकार लोक आधीं तेवढें करून घेतात आणि मगच जुनी बॅटरी काढून नवीला डाग देतात. कारण बॅटरी निघाली आणि दुसरीकडून वीज मिळाली नाहीं, तर स्मृति पुसली जाते. ज्यांच्या कार्ट्रिजमधली बॅटरी अजून जिवंत आहे, त्यांना एवढ्या कामाला एक दुपार पुरते.