सरकारी राष्ट्रीय आरोग्यसेवा : मागणी काय आहे आणि तिने खर्च कसा आटोक्यात येतो?

विहाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक संदेश येतोच. कुणाचे वडील, कुणाची बहीण खासगी रुग्णालयात दाखल आहे, बिल वाढत चालले आहे, जमेल तेवढी मदत करा. आपण शंभर-दोनशे रुपये पाठवतो. ही मदत केलीच पाहिजे. पण दर आजारपणाला वर्गणी काढावी लागत असेल, तर तो त्या एका कुटुंबाचा प्रश्न राहत नाही, व्यवस्थेचा होतो. सरकारने करांच्या पैशातून सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा चालवावी, हा त्यावरचा एक प्रस्ताव आहे. सभेत, अभ्यासवर्गात मांडणी करताना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती.

प्रस्ताव काय आहे?

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी अशी सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे स्वतः खाणकामगाराच्या घरातले. रुग्णालये सरकारच्या ताब्यात आली, खर्च मुख्यतः करातून भागवला गेला आणि उपचाराच्या वेळी रुग्णाच्या खिशाला हात लावायचा नाही, हे तत्त्व ठरले. भारतातही १९४६ मध्ये भोर समितीने अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांविना राहू नये, हा त्याचा पाया होता. शिफारशी स्वीकारल्या गेल्या, पण पुरेसा पैसा कधीच दिला गेला नाही.

बाबासाहेबांचा संबंध

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, हा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे बाबासाहेबांनी मांडले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार केला आणि पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा व्यवसाय ही राज्याची मक्तेदारी असावी, अशी त्यांची मागणी आहे. तिथे विषय आयुर्विम्याचा आहे, त्यामुळे त्यातून थेट राष्ट्रीय आरोग्यसेवा सिद्ध होते असे म्हणू नये. पण माणसाची सुरक्षितता नफ्यावर सोडू नये, ही दिशा स्पष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे.

खर्च कसा आटोक्यात येतो?

आजारी माणूस भाव करू शकत नाही. छातीत कळ आल्यावर चार रुग्णालयांचे दर विचारत कुणी फिरत नाही. सरकार मात्र भाव करू शकते, आणि त्याचे दाखले आपल्याच देशात आहेत.

एक, एकत्रित खरेदी. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. सर्व सरकारी दवाखान्यांसाठी औषधे मूळ नावाने, एकत्र निविदा काढून, गुणवत्ता तपासून घेतली जातात. पुढे इतर राज्यांनीही हा नमुना घेतला.

दोन, दरांवर मर्यादा. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातील औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली. त्याआधी त्यासाठी लाखाच्या वर रक्कम आकारली जात होती. कोविडमध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले : साधा कक्ष दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पळवाटा निघाल्या, पण सरकारला दर ठरवता येतात हे दिसले.

तीन, पैसे देण्याची पद्धत. प्रत्येक तपासणीचे वेगळे बिल मिळत असेल तर तपासण्या वाढतात. डॉक्टरला पगार आणि रुग्णालयाला ठरलेला निधी मिळत असेल तर विनाकारण शस्त्रक्रिया करण्यात कुणाचा फायदा नसतो.

थायलंडचा अनुभव

बौद्धबहुल थायलंडने २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा केला. एका भेटीला ३० बाट शुल्क, म्हणून ‘३० बाट योजना’ हे नाव पडले. सरकारी संस्था रुग्णालयांना दरडोई निधी देते, आणि बहुतेक रुग्णालये सरकारीच आहेत. महागड्या औषधांसाठी २००६-०७ मध्ये सक्तीचे परवाने काढून स्वस्त पर्याय आणले गेले, त्यात एचआयव्हीची औषधे होती. एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशाचा वाटा सुमारे एक तृतीयांशावरून दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याची बाब म्हणजे तिथल्या लोकसंघटनांनी ५० हजारांहून अधिक सह्या गोळा करून स्वतःचा मसुदा संसदेकडे नेला होता.

विमा कार्ड आहे ना?

आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्याचा लाभ जरूर घ्यावा. पण ते ठरावीक उपचारांसाठी दाखल झाल्यावर मिळते. मधुमेहाची, रक्तदाबाची रोजची गोळी आणि बाह्यरुग्ण तपासणी खिशातूनच जाते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण खर्चातील ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून दिला. सरकारचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट होते.

नेहमीचे आक्षेप

“सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो.” अनेक ठिकाणी खरे आहे. म्हणून रिक्त पदे कायमस्वरूपी भरणे ही याच मागणीची पहिली अट. त्या पदांना आरक्षण लागू होते. खासगीकरण आणि कंत्राटीकरणात तेही जाते, हे आपल्या मुलामुलींना सांगितले पाहिजे.

“रांगा लागतील.” ब्रिटनमध्येही प्रतीक्षा यादी मोठी आहे. निधी आणि मनुष्यबळ कमी पडले की रांग वाढते. पण आज ज्याच्याकडे पैसा नाही तो रांगेतही नाही.

“फुकट कशाला?” विनयपिटकात अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तो संघाच्या काही कामाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः धुऊन काढले. सेवा मिळण्यासाठी आजारी असणे पुरेसे होते.

तोवर आपण काय करू?

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, कायदा लागू असलेल्या आस्थापनेतील कंत्राटी कामगारांचाही राज्य विम्यावर हक्क आहे. ठेकेदार वर्गणी भरतो का, ते तपासा.

प्रत्येक विहारात दोन तरुणांनी एवढी माहिती घेतली तरी वर्गणीचे काही संदेश थांबतील. प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पदे आणि औषधसाठ्याची माहिती अधिकारात विचारणा करून ती ग्रामसभेत किंवा प्रभागात मांडा. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला एवढेच विचारा : आरोग्यावरचा खर्च किती वाढवणार, आणि कधी?

जय भीम! नमो बुद्धाय!